किटलीचं बिस्किट

ता. ४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद आणि सोबत एक टपली.

तुझं पत्र नाही, म्हणजे बेकरीची भट्टी नीट पेटते आहे आणि तुला आजारी पडायला सवड नाही, असं मी धरून चाललो आहे. माझा गुडघा अजून रुसलेलाच आहे. डॉक्टर म्हणतात जिने नकोत, सूनबाई म्हणते प्रवास नको, आणि चिरंजीव काहीच न म्हणता मोबाइलमध्ये बघून मान हलवतात. नवव्या मजल्यावर अशी माझी नजरकैद चालू आहे. गॅलरीतून खाली माणसं खसखशीएवढी दिसतात. ओळखीचं कोण, परकं कोण, काही कळत नाही. त्यामुळे सगळीच गोड वाटतात.

काल रेडिओवर मतदानाची तारीख ऐकली आणि तुला सांगतो, नाकात एकदम संत्र्याच्या सालीचा वास शिरला. घरात संत्रं नव्हतं. सूनबाईला विचारलं तर तिने माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

बाबांचा मतदानाचा केक! आणि त्याआधी काचेच्या कपाटात मांडलेले ते बिस्किटांचे ट्रे. गल्लीतला पत्र्याचं काम करणारा म्हातारा तेलाच्या जुन्या डब्यातून दर निवडणुकीला नवे साचे कापून द्यायचा, उमेदवारांच्या एकेका निशाणीचा एकेक. कधी घोडा, कधी शिडी, कधी कंदील. मत देऊन आलेल्याने बोटाची शाई दाखवायची, आपल्या हाताने हवं ते बिस्किट उचलायचं. फुकट! समोरचा घड्याळवाला मत द्यायचा शिडीला आणि खायचा घोडा, तोही डोळे मिटून, तब्येतीने. सगळे सगळ्यांना चकवायचे आणि सगळ्यांना ते ठाऊक असायचं. संध्याकाळी बाबा स्टुलावर उभे राहून बिस्किटांचा निकाल जाहीर करायचे. मग केक कापला जायचा. जिंकलेली बाजू आणि हरलेली बाजू एकाच सुरीचा केक खायची. मी इतकी वर्षं वर्गात मुलांना कविता शिकवल्या, नागरिकशास्त्राचा तास कुणी आलं नाही तर तोही घेतला. पण लोकशाही म्हणून माझ्या डोळ्यांसमोर यायचा तो तुझ्या कपाटातला ट्रेच.

पुढे बाबांची कंबर धरली आणि ते बंद पडलं. पण तुझी कंबर तर अजून खणखणीत आहे! साचे माळ्यावर असतील. नवे दोन करून घे. यंदा दोनच तर उमेदवार आहेत म्हणे, दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई किटलीवर आणि माझा जुना विद्यार्थी होडीवर. तू त्याला कंत्राटदार म्हणतेस, मला मात्र तो दुसऱ्या बाकावरचा मुलगाच दिसतो. काय आवाज होता त्याचा! कविता म्हणायला उभा राहिला की व्हरांड्यात घंटाबाई हातातला दांडा तसाच धरून ऐकत राहायची आणि तास पाच मिनिटं लांबायचा.

काचेवर चिकटवायला दोन ओळी केल्या आहेत:

बोटाला शाई, ओठाला गोडी,
किटली घ्या कुणी, कुणी घ्या होडी.

करशील ना? मला येता येणार नाही. पण त्या दिवशी तिथे केक कापला जातो आहे एवढं जरी कळलं, तरी या गॅलरीत बसून मी तो वास घेईन.

तुझ्या मैद्याच्या हातांना सांभाळ.

तुझा,
दादा


ता. ११ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

टपली पोचली. परत करते, नीट झेल.

तुझं पत्र मी काउंटरवरच वाचलं आणि पाव करपले, याची भरपाई कोण देणार? दादा, तू नवव्या मजल्यावरून गल्ली बघतोस, म्हणून ती तुला जशी होती तशीच दिसते. घड्याळवाल्याचं दुकान आता कंत्राटदाराचं कार्यालय झालंय. समोर फुटपाथवर खुर्च्या टाकून त्याची माणसं दिवसभर बसलेली असतात. गिऱ्हाईक येतं, पाव घेतं आणि पुढच्याला तोंड न दाखवता निघून जातं. पूर्वी पाव घ्यायला अर्धा तास लागायचा, कारण सोबत गल्लीच्या बातम्या घ्याव्या लागायच्या. आता बातम्या कुणी सांगत नाही. डॉक्टरीणबाईंचं पोस्टर सकाळी लागतं आणि दुपारपर्यंत अर्धंच उरतं.

म्हणून आधी मी ठरवलं होतं की तुला सरळ नाही म्हणून कळवायचं. बाबांची कंबर दुखायला लागली म्हणून ते बंद पडलं असं तू लिहितोस. असू दे.

पण त्याच दिवशी घंटाबाई आली. शाळा सुटली की ती येते, मोडके टोस्ट घेते आणि भट्टीच्या उबेला दोन मिनिटं टेकते. नातीच्या छातीचं अजून तसंच आहे. शाळेच्या पत्र्यातून पाणी गळतं, त्याखाली बादल्या ठेवायचं काम पण हिच्याचकडे. इतकी वर्षं झाली तरी अजून कच्ची नोकरी. दर वर्षी शाळा समितीचं पत्र आलं तरच पुढचं वर्ष. तिला तुझ्या दोन ओळी वाचून दाखवल्या. दादा, ती किती हसली म्हणून सांगू! म्हणाली, मास्तर गेल्यापासून शाळेच्या भिंतींनी यमक ऐकलेलं नाही. मग उठताना म्हणाली की कर गं, लोक निदान दाराशी उभे तरी राहतील.

तेव्हा मी विरघळले. तुझ्या आठवणी आणि तिचं हसणं, दोघांनी मिळून मला कामाला लावलं. साचे केले आहेत. पत्र्याचं काम करणाऱ्याचा मुलगा आता गिझर दुरुस्त करतो, त्याने कापून दिले. होडी झकास आहे. किटलीची चोच जरा वाकडी आलीय.

गुडघ्याला शेक दे. सूनबाईला म्हणावं, संत्र्याचा वास आला तर तो ताप नसतो.

तुझी,
धाकटी


ता. २ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू वासाची वाट बघत असशील, म्हणून आधी तेच लिहिते. केक उत्तम झाला. लोणी बाबांच्या मापाने, साल मी स्वतः किसली, वरचा पापुद्रा तडकला तो बरोबर मधोमध. बिस्किटं खुसखुशीत. तुझ्या ओळी घंटाबाईच्या नातीकडून रंगीत खडूने लिहून घेतल्या आणि काचेला लावल्या. इथपर्यंत सगळं तुझ्या कवितेसारखं.

सकाळी लोक आले. शाई दाखवायचे, कपाटापाशी थांबायचे आणि हात पुढे करण्याआधी मान वळवून समोर बघायचे. समोर खुर्च्या होत्याच. एकाने मोबाइल उंच धरला होता. मला वाटलं तुझ्या ओळींचा फोटो घेतोय, मी वेडी हसलेसुद्धा. होडीचा ट्रे बघता बघता रिकामा झाला. मी दुसरा भरला. किटल्या जशा मांडल्या तशाच. दुपारपर्यंत एकाही किटलीला हात लागला नाही. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात सुया देणारी नर्स आली, तिनेसुद्धा होडी घेतली, आणि ती पर्समध्ये टाकून गेली. खाल्ली नाही.

घंटाबाई आली ती नातीला घेऊन. पोरीने काचेला नाक लावलं आणि किटलीच हवी म्हणून हटून बसली, का तर तिला कान आहे, धरता येतं. घंटाबाईने क्षणभर समोर बघितलं. मग हसली आणि किटली उचलून पोरीच्या हातात दिली. त्या दिवसभरात उचललेली तेवढी एकच किटली. पोरगी ती कानाला धरून चहा ओतत ओतत गल्लीभर गेली.

संध्याकाळी मी स्टुलावर चढले नाही. काय जाहीर करायचं होतं? केक कापला, खाणारे तोच होडीवाला घोळका. सुरी मात्र एकच होती, एवढं तुझ्या मनासारखं झालं.

निकाल तुला रेडिओवर कळलाच असेल. तुझा विद्यार्थी निवडून आला. इथे फटाके वाजले, भट्टीच्या धुराड्यातली काजळी खाली पडली.

मला नीट झोप नाही. थंडीने असेल.

तुझी,
धाकटी


ता. ७ मार्च

चि. धाकटीस,
भरघोस आशीर्वाद. आज एकसुद्धा टपली नाही.

तू पत्रात थंडी कशाला लिहितेस? मी वाचलं ते वेगळंच! तडकलेला केक, रंगीत खडू आणि किटलीतून गल्लीभर चहा ओतत जाणारी ती चिमुरडी. यावर मी चार कडवी केली आहेत, सवडीने उतरवून पाठवतो. काळ बदलला असं तू म्हणतेस, आणि एक पोर येऊन तुझ्या कपाटातून किटली घेऊन जाते. काही बदललेलं नाही, धाकटे.

विद्यार्थ्याचं अभिनंदन करायला फोन केला. त्याने लगेच ओळखलं. मास्तर म्हणून हाक मारली आणि पुढची गंमत ऐक, पाचवीतल्या कवितेचं पहिलं कडवं फोनवर जसंच्या तसं म्हणून दाखवलं. माझे डोळे भरून आले. शाळेला नवा पत्रा घालणार म्हणाला. अशा मुलाच्या माणसांवर तू उगाच संशय घेतेस. खुर्च्या टाकून बसलेला प्रत्येक माणूस पहारा करत नसतो, काहींचे गुडघेही दुखतात.

तुझ्या हातच्या केकची उधारी राहिली आहे.

तुझा,
दादा


ता. २६ मार्च

ती. दादास,
नमस्कार.

कडवी पाठवू नकोस.

घंटाबाईला शाळेतून काढलं. तसं कुणी तोंडाने म्हटलेलं नाही. यंदा तिचं पत्रच आलं नाही. समितीवर आता कंत्राटदार आहे. ती विचारायला गेली, तर तिथला कारकून म्हणाला की आता घरी बसून किटलीत चहा करून पी. आजूबाजूचे सगळे हसले. शाळेत विजेची घंटा बसवली आहे. ती आपोआप वाजते आणि तिला पोरांची नावं माहीत नाहीत.

तो मोबाइल कशासाठी होता हे आता तुला कळलं असेल. मलाही आत्ताच कळलं, पण मला आधी कळायला हवं होतं, कारण मला सांगितलेलं होतं. बाबांची कंबर कधीच दुखत नव्हती, दादा. तू तेव्हा शिक्षकाच्या ट्रेनिंगला बाहेर होतास. त्या वर्षी केक कापून झाल्यावर एक माणूस मागे थांबला आणि बाबांना सहज विचारल्यासारखं विचारू लागला, की शिडी कुणीकुणी उचलली. बाबा म्हणाले की मी पीठ बघतो, हात बघत नाही. दुसऱ्या दिवशी साचे माळ्यावर गेले. मला म्हणाले की ज्या खाण्याने माणूस ओळखता येतो ते खाणं दुकानात ठेवायचं नसतं. तुला कळवायचं नाही असंही म्हणाले, कारण तू त्यावर कविता केली होतीस आणि तुला वाईट वाटलं असतं. तुला वाईट वाटू नये म्हणून या घरात किती गोष्टी माळ्यावर गेल्या, मोजायला बसू नये.

हे ठाऊक असून मी ट्रे मांडले. तुझं पत्र फार गोड होतं.

काल ती आली. टोस्ट घेतले नाहीत. मी भट्टीजवळ बसून रडले, तर उलट तिनेच माझी पाठ थोपटली. म्हणाली की तू कशाला रडतेस, मी तर मत होडीलाच दिलं होतं, शाळेच्या पत्र्यासाठी दिलं होतं, किटली पोरीने मागितली म्हणून उचलली. जरा मोठ्यानेच म्हणाली, काउंटरवर पाव घ्यायला थांबलेल्या माणसानेही वळून बघितलं. म्हणजे बघ, तिचं मतही त्यालाच आणि तिची नोकरीही त्यानेच घेतली.

गल्लीतली डॉक्टरीणबाईंची माणसं तिच्या दारात गुपचूप पीठ, डाळ ठेवून जातात. ती घेते आणि खाली बघते.

हे तुला लिहिलं ते मन हलकं करायला. ते तुझ्यापाशीच ठेव. काही करू नकोस. एवढं ऐक.

धाकटी


ता. २ एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस गॅलरीत गेलो नाही. बाबांचं आधी सांगायला हवं होतंस. पण रडत बसून काय होणार? मास्तरचा विद्यार्थी निवडून यावा आणि मास्तरच्या शाळेतली घंटाबाई घरी बसावी, हे मला बघवलं नसतं.

म्हणून रागावण्याआधी ऐक. मी त्याला फोन केला. सगळं गैरसमजाने झालं आहे हे समजावून सांगितलं. ती त्याचीच मतदार आहे, बिस्किट तर लहान मुलीच्या हट्टाचं. तो चकित झाला. असं असेल तर लगेच बघतो म्हणाला. फक्त समितीसमोर ठेवायला माझ्या हातचं दोन ओळींचं पत्र हवं, मास्तरांच्या अक्षराला शाळेत अजून मान आहे. मी दोन ओळींऐवजी दोन पानं लिहिली. तिने मत कुणाला दिलं आणि का दिलं, पोरीने किटली कानाला कशी धरली, सगळं. मला वाटतं, गेल्या कित्येक वर्षांत इतकं चांगलं गद्य माझ्या हातून उतरलं नव्हतं. परवा त्याचा निरोप आला, काम झालं.

आता तरी हस. आणि घंटाबाईला म्हणावं, विजेची घंटा बंद करून पहिला टोल माझ्या नावाने दे.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेला,
दादा


ता. २९ एप्रिल

मास्तरांस,
घंटाबाईचा नमस्कार.

तुमची बहीण तुम्हाला पत्र लिहीत नाही, म्हणून मी लिहिते आहे. ती धडधाकट आहे. मोडके टोस्ट अजून देते, पण काउंटरवर ठेवते आणि आत जाते. माझ्याशी बोलायला तिला तोंड नाही असं तिला वाटतं, आणि तिच्याशी काय बोलावं ते मला सुचत नाही. माझं अक्षर लागत नसेल तर माफ करा. तुमच्या वर्गाबाहेर उभं राहून जेवढं ऐकलं तेवढंच शिकले.

तुमच्या पत्राने काम झालं हे खरं. शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. कंत्राटदारांनी मला नाव घेऊन स्टेजवर बोलावलं. मला वाटलं, समितीचा कागद हातात देतील आणि खाली सोडतील. तर त्यांनी तुमचं पत्र काढलं आणि माइकवर वाचलं. अख्खी दोन पानं. मास्तर, तुम्ही त्याला फार चांगलं शिकवलं आहे. कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, कुठे हळवा करायचा, सगळं त्याला बरोबर येतं. किटलीची जागा आली तेव्हा लोक हसले, पत्र्याची जागा आली तेव्हा टाळ्या वाजल्या. मग तो म्हणाला की बघा, किटली हातात आणि होडी मनात, आपली माणसं अशी असतात. माझी नात मांडवात बसली होती. तिला वाटलं, आजीला बक्षीस मिळालं.

नोकरी आहे. घंटा विजेचीच आहे, ती बिघडली तर वाजवायला मला ठेवलंय. नवा पत्रा अजून आलेला नाही, बादल्या मीच ठेवते.

दारात पीठ ठेवणाऱ्यांनी पीठ ठेवणं बंद केलं. त्यांच्यातली एक बाई नळावर होती, मी गेले तर आपली अर्धी भरलेली कळशी उचलून गेली. मी त्यांना फसवून त्यांचं खाल्लं असं त्यांना वाटतं. डॉक्टरीणबाईंनी नातीला तपासलं, नेहमीसारखंच नीट तपासलं, औषध दिलं. फक्त पूर्वी मला बस म्हणायच्या, या खेपेला बसा म्हणाल्या. आणि समोरच्या खुर्च्यांवरचे लोक आता मला वहिनी म्हणून हाक मारतात. ते जास्त लागतं.

तुम्ही वाईट हेतूने केलं असं मी म्हणत नाही. तुमच्या बहिणीने तुम्हाला सांगितलं, तुम्ही त्याला सांगितलं, त्याने माइकला सांगितलं. प्रत्येकाने माझ्या भल्यासाठी सांगितलं. माझ्याकडे काय होतं, मास्तर? भाड्याची खोली, कच्ची नोकरी, पोरीची छाती. नवरा होता तेव्हा त्यालासुद्धा मी कधी सांगितलं नाही की शिक्का कशावर मारला. तो विचारायचा, मी पदर खोचून भांडी घासायला बसायचे. तेवढं एकच होतं ज्याला घरात, शाळेत, समितीत कुणालाच हात लावता येत नव्हता. तुम्ही त्याची दोन पानं केलीत.

उत्तर लिहू नका. पोस्टमन हल्ली आधी समोरच्या खुर्च्यांपाशी थांबतो.

एक शेवटचं सांगते. त्या दिवशी भट्टीजवळ मी तुमच्या बहिणीला म्हटलं की होडीला दिलं. ती रडत होती, तिचं रडणं थांबावं म्हणून म्हटलं असेन. काउंटरवर त्यांचा माणूस पाव घ्यायला उभा होता, त्याच्या कानावर पडावं म्हणूनही म्हटलं असेन. किंवा ते खरंही असेल. पडद्याच्या आत मी एकटी होते. तिथे मी काय केलं ते तुमच्या पत्रात नाही, त्याच्या माइकवर नाही आणि पोरीने खाल्लेल्या बिस्किटातही नव्हतं. तुम्ही सगळ्यांनी मिळून जे गल्लीभर वाटलंत, ते माझं नव्हतंच. माझं अजून माझ्याकडे आहे.

इथे लोभ असावा असं लिहायची रीत आहे, हे मला तुमच्या वर्गाबाहेरूनच कळलं होतं. ते लिहीत नाही.

शाळेची घंटा वाजवणारी